पूर आलेली नदी आणि तीन दिवसांची तयारी

आजचं वाचन: यहोशवा १:१०-१५, ३:१-१७, ५:१०-१२



प्रियांनो, या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रार्थनेसाठी निरोप पाठवले. कुणाचं लग्न ठरलंय. कुणाची बदली हैदराबादला झालीय. कुणी स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न सोडून नोकरी धरायचं ठरवतंय. एका बहिणीने तर एवढंच लिहिलं, "ताई, सगळं ठरलंय. फक्त मीच तयार नाही."

तिचं वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण माझंही तेच चाललंय. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मी नर्स आहे, पुण्यात काम करते. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाले, कागद लागले, आणि प्रभूची इच्छा असेल तर पुढच्या महिन्यात मी जर्मनीला जाणार आहे. बॅगा अर्ध्या भरल्यात. मन मात्र रोज सकाळी उठून म्हणतं, "खरंच जायचंय का?"

म्हणून आज यहोशवाच्या पुस्तकातून मनन करू या. मोशे गेलाय. चाळीस वर्षं रानात फिरलेले लोक यार्देनेच्या काठावर येऊन थांबलेत. पलीकडे वचनदत्त देश आहे आणि मध्ये नदी. तीही कोणत्या दिवसांतली? कापणीच्या! वर हर्मोनच्या डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि यार्देन दोन्ही काठ सोडून वाहते. देवाने उन्हाळ्यातली, गुडघाभर पाण्याची वेळ निवडली नाही. भर पुराची वेळ निवडली.

आमचं गाव केदारखेडा, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी पूर्णा आमच्या भागातली नदी. उन्हाळ्यात तिच्यात वाळूच दिसते, पण पावसाळ्यात एका रात्रीत ती ओळखू येत नाही. लहानपणी एकदा मामाच्या गावाहून परतताना एसटी पुलाच्या अलीकडेच थांबली. पुलावरून पाणी चाललं होतं. ड्रायव्हर काका खाली उतरले, काठापर्यंत जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "आता बसा." मी रडायला लागले, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती. पप्पा म्हणाले, "पाणी उतरायचं तेव्हा उतरेल. ते आपल्या हातात नाही. तू दप्तर भिजू देऊ नको." मग मी दप्तर फ्रॉकखाली धरून तीन तास बसले. पप्पा आता प्रभूजवळ आहेत. पण यार्देनेचा हा अध्याय वाचला की मला त्यांचं ते दप्तर आठवतं.

कारण या तीन दिवसांत देव लोकांना नेमकं हेच शिकवतो. नदी त्याच्याकडे. दप्तर आपल्याकडे.

१. शिधा बांधा

पहिल्या अध्यायात यहोशवा अंमलदारांना छावणीभर पाठवतो. निरोप काय? वाटेची शिदोरी तयार करा, तीन दिवसांत आपल्याला पलीकडे जायचंय. बघा हं, नदी कशी पार करायची हे त्याने सांगितलेलं नाही. होड्या बांधा म्हणाला नाही. दोर आणा म्हणाला नाही. भाकरी बांधा म्हणाला.

आपल्या मंडळ्यांमध्ये कधी कधी उलटं होतं. देव सांभाळेल म्हणतो आणि साधी कामंही करत नाही. मित्रांनो, शिदोरी बांधणं हा अविश्वास नाही, ते आज्ञापालन आहे. लग्न ठरलं असेल तर होणाऱ्या जोडीदाराशी पगार, कर्ज, दोन्हीकडच्या आईवडिलांची जबाबदारी यावर लग्नाआधी बोला. नोकरी सोडत असाल तर निदान काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. परदेशी जात असाल तर करारपत्र पूर्ण वाचा आणि एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. "मी प्रार्थना केली होती" एवढ्यावर न वाचलेल्या कागदावर सही करू नका. प्रार्थना डोळे मिटून करायची, सही डोळे उघडे ठेवून!

२. कोश पुढे, आपण मागे

मग कराराचा कोश निघतो. लोकांनी त्याच्या मागून चालायचं, पण मध्ये सुमारे दोन हजार हात अंतर ठेवायचं. म्हणजे साधारण एक किलोमीटर. का बरं? कारण या वाटेने ते आधी कधी गेले नव्हते. सगळे कोशाभोवती गर्दी करून चालले असते तर मागच्यांना समोरच्यांच्या पाठीच दिसल्या असत्या. अंतर ठेवलं म्हणून शेवटच्या रांगेतल्या आजीलाही दिसलं की देव कुठे चाललाय.

आपल्याला नेमकी इथे घाई होते. मोबाईलवर मैत्रिणीचं नवं घर दिसतं, वर्गमित्राचा कॅनडातला फोटो दिसतो, आणि आपण पाठी बघत चालायला लागतो. कुणाच्या पाठीमागे निघालोय हेच कळत नाही. मीसुद्धा जर्मनीचा अर्ज पहिल्यांदा भरला तेव्हा खरं सांगू? आमच्या बॅचच्या तिघी गेल्या म्हणून भरला होता. तो अर्ज तेव्हा पुढे सरकला नाही. मी प्रभूवर रुसले. पण त्या वर्षात पप्पांचं आजारपण आलं आणि शेवटचे चार महिने मला त्यांच्या उशाशी बसता आलं. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, मी कोशाच्या पुढे पळत होते.

बदल चांगला की वाईट हे नंतर बघू. आधी विचारा, या बदलात माझ्या पुढे कोण चालतंय?

३. बॅगेत काय भरलंय?

नदी पार करायच्या आदल्या दिवशी यहोशवा लोकांना स्वतःला शुद्ध करायला सांगतो, कारण उद्या परमेश्वर त्यांच्यामध्ये अद्भुत कृत्यं करणार आहे. शिदोरीची तयारी झाली, आता आतली तयारी.

आपण नव्या घरात जाताना जुनं सामान विकतो, वाटतो, फेकतो. पण भावाशी तीन वर्षं न बोललेला राग तसाच पॅक करून नेतो. जुन्या नात्यातलं खोटं नव्या नात्यात नेतो. शहर बदललं की माणूस आपोआप बदलत नाही, मंडळी. पुण्यात चिडचिड करणारी मी स्टुटगार्टला गेले तरी चिडचिडच करणार, फक्त जर्मनमध्ये! निघण्याआधी कुणाची माफी मागायची राहिलीय का? कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत का? एक कागद घ्या, नावं लिहा. ही तयारी व्हिसा ऑफिसात कुणी तपासत नाही, म्हणून तीच राहून जाते.

४. पाय ओला झाल्यावर

आता नदीकडे येऊ. लाल समुद्राच्या वेळी पाणी आधी दुभंगलं आणि मग लोक चालले. यार्देनेला तसं झालं नाही. कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, तेव्हा वरून येणारं पाणी थांबलं. तेही त्यांच्या समोर नाही, तर वर लांब, आदाम नावाच्या गावाजवळ. काठावर उभं राहून वाट पाहिली असती तर काहीच दिसलं नसतं.

आपल्याच जालन्याची गोष्ट सांगते. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, पण तो वयाने लहान होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मुलाला घरच्यांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली, त्यावरून केवढा वाद झाला. विचार करा, नारायणरावांनी पहिलं पाऊल पाण्यात टाकलं आणि त्याच वर्षी सख्खा भाऊ पलीकडच्या काठावर राहिला. घर गेलं, जात गेली, भाऊ दुरावला. त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं असतं का की पुढे काय आहे?

पुढे जालना होतं. दोन दशकांहून अधिक काळ उलटल्यावर निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या काळात जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी एक गाव वसवलं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं जात होतं अशी महार-मांग समाजातली ख्रिस्ती कुटुंबं तिथे स्वतःच्या घरात राहू लागली. त्या गावाचं नाव ठेवलं बेथेल. बेथेल म्हणजे देवाचं घर. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात घर सोडून निघालेला याकोब रात्री उघड्यावर धोंडा उशाला घेऊन झोपतो, आणि जिथे आपण एकटे आहोत असं त्याला वाटलं तिथेच देव भेटतो. त्या जागेला तो हे नाव देतो. ज्या माणसाचं स्वतःचं घर सुटलं होतं, त्याने वसवलेल्या गावाला हेच नाव मिळालं, हे मला फार बोलकं वाटतं.

मी हे सांगून "तुमचंही लगेच भलं होईल" असं म्हणत नाहीये. पाणी थांबलं ते लांब, आदामजवळ. काठावरच्यांना ते दिसलं नव्हतं. तुमच्या पावलाचं उत्तरही कदाचित लांब कुठेतरी सुरू झालेलं असेल.

५. जे काठावर राहतात त्यांची तयारी

आता जे सांगायचंय ते मला गेल्या आठवड्यात आईने शिकवलं.

मी केदारखेड्याला गेले होते. रात्री जेवण झाल्यावर आईसमोर फाइल उघडली. पासपोर्ट, डिग्री, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, भाषेचं सर्टिफिकेट, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरात ओळीने. मला वाटलं, आई खूश होईल. तिने एकेक कागद हात पुसून पाहिला. मग फाइल मिटली आणि म्हणाली, "तुझी तयारी लई चांगली झाली, बाई. अन् माझी तयारी कोणी करायची?"

मी पटकन म्हणाले, "आई, आपण प्रार्थना करू."

ती म्हणाली, "प्रार्थना तर मी रोजच करते. बीपीच्या गोळ्या भोकरदनहून कोण आणून देणार ते सांग."

प्रियांनो, मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं मी या ब्लॉगवर विश्वासाबद्दल लिहितेय, आणि स्वतःच्या आईला दिलेलं उत्तर हे जबाबदारी टाळण्याचं होतं, फक्त त्याला प्रार्थनेचा सदरा घातला होता. त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे पहिला अध्याय पुन्हा वाचला आणि आधी कधी न थांबलेल्या ठिकाणी थांबले.

रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश. यांचं वतन यार्देनेच्या अलीकडेच होतं. त्यांची बायकामुलं, गुरंढोरं अलीकडेच राहणार होती आणि पुरुष भावांच्या मदतीला पलीकडे जाणार होते. म्हणजे नदी पार करण्याच्या या कथेत नदी पार न करणारी माणसंही आहेत! देवाच्या वचनात त्यांचा विसर पडलेला नाही. आधी त्यांना राहायला जागा मिळाली, मग पुरुष निघाले. आणि काम झाल्यावर परत यायचं हेही आधीच बोललं गेलं होतं. बाविसाव्या अध्यायात यहोशवा त्यांना खरंच आशीर्वाद देऊन घरी पाठवतो.

आपल्या आयुष्यातला मोठा बदल हा एकट्याचा कधीच नसतो. तो घरात राहणाऱ्यांवरही येतो, आणि त्यांना फाइल नसते, निरोप समारंभ नसतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असतील, निदान शाळेत नाव तरी ऐकलं असेल. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं एकदम सुटलं नाही. हळूहळू, स्वतः विचार करत करत त्या आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका घरातली दोन माणसं, एकच बदल, पण दोघांच्या मध्ये पाच वर्षांचं अंतर. टिळक आधी पार झाले. लक्ष्मीबाई मागाहून आल्या, पण स्वतःच्या पायांनी.

म्हणून घरच्यांना लगेच आनंद झाला नाही तर त्यांच्या विश्वासाला नावं ठेवू नका. आईला भीती वाटणं म्हणजे आईचा विश्वास कमी असणं नाही. तिला फक्त तीन दिवस अजून मिळालेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईची माफी मागितली. मग आम्ही दोघी तिच्या फाइलला बसलो. गोळ्यांचं काम चुलत भावाने अंगावर घेतलं. बँकेचं एटीएम कार्ड कसं वापरायचं ते तिने दोनदा करून पाहिलं. व्हिडिओ कॉल दर रविवारी भक्तीनंतर, हे ठरलं. आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी काय करायचं यावर दोघींनी बसून बोलायचं, तोपर्यंत मी परस्पर काही ठरवायचं नाही, हे तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. ती अजून पूर्ण खूश नाही. पण काल फोनवर म्हणाली, "तिळाची चटणी देऊ का शेंगदाण्याची? तिकडं थंडीत कोणती टिकंल?" मला तर ते वाक्य आशीर्वादासारखंच वाटलं.

६. एके दिवशी मान्ना थांबेल

शेवटची गोष्ट पाचव्या अध्यायात आहे. नदी पार झाली, वल्हांडण सण झाला, लोकांनी त्या देशाचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. चाळीस वर्षं रोज सकाळी मिळणारी भाकर थांबली. एखाद्या लहान मुलाने त्या सकाळी बाहेर येऊन जमिनीकडे पाहिलं असेल आणि रडत आईकडे गेला असेल.

देवाने सोडलं होतं का? नाही. देवाची काळजी घेण्याची रीत बदलली होती. आता पेरायचं होतं, कापायचं होतं, दळायचं होतं.

नव्या जागी गेल्यावर हे होणार हे आधीच मनात धरून ठेवा. जुन्या मंडळीतली गाणी नसतील. पाळक साहेब घरी येऊन प्रार्थना करणार नाहीत. तरुण संघाचे मित्र नसतील. पहिल्या रविवारी तुम्हाला वाटेल, देव मागेच राहिला. त्या सकाळी हा अध्याय आठवा. मान्ना थांबला, पण मान्ना देणारा यार्देनेच्या अलीकडे राहिलेला नव्हता. तोच आधी पाण्यात उतरला होता, आणि सगळे पार होईपर्यंत त्याचा कोश नदीच्या मधोमध थांबून राहिला होता. आपला प्रभू येशूही असाच. मरणाच्या नदीत आपल्याआधी उतरला आणि आपला शेवटचा माणूस पार होईपर्यंत तो हात काढून घेत नाही.

मला लिहिणाऱ्या त्या बहिणीला आणि स्वतःलाही एवढंच सांगते. "मी तयार आहे" असं वाटेपर्यंत थांबू नकोस. त्या तीन दिवसांत इस्राएलातही कुणाला तसं वाटलं असेल असं मला वाटत नाही. आज जे हातात आहे ते कर. पाणी प्रभूवर सोड.

आज एवढं करा

• एका कागदावर दोन रकाने करा. एकात "माझं दप्तर", म्हणजे या आठवड्यात मला करायची कामं. दुसऱ्यात "देवाची नदी", म्हणजे माझ्या हातात नसलेल्या गोष्टी. दुसऱ्या रकान्यावर रोज फक्त प्रार्थना करा.

• तुमच्या बदलामुळे जो मागे राहणार आहे त्याला आज फोन करा. सल्ला देऊ नका. "तुला कशाची काळजी वाटते?" एवढं विचारा आणि ऐका.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही या वाटेने याआधी कधी गेलो नाही. आमच्या पुढे चाल. जे काम तू आमच्या हातात दिलंस त्यात आळस होऊ देऊ नकोस आणि जे तुझ्या हातात आहे त्याची काळजी आम्हाला खाऊ देऊ नकोस. आम्ही घाईत ज्यांना मागे टाकलं त्यांची आठवण दे, माफी मागण्याची नम्रता दे. घरी राहणाऱ्या आमच्या आयांना, वडिलांना, भावंडांना तूच आधार हो. पाय पाण्यात टाकताना भीती वाटेल, प्रभू, तेव्हा तू आधीच पाण्यात उभा आहेस हे आम्हाला दिसू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्या भेटू या, यहोशवाच्या चौथ्या अध्यायातल्या बारा दगडांजवळ. प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो.